दूरदर्शनचा निवेदक आणि त्याचा आवाज

कोणताहि व्यवसाय दुरून पाहणारास सोपा वाटतो, आणि जो व्यवसाय पाहणाराच्या घरांत येऊनच केला जातो, तो तर सर्वांत सोपा वाटतो. दूरदर्शनवरील निवेदकाचा व्यवसाय अशांपैकींच आहे. नीटनेटका पोषाख केलेली एक व्यक्ति पडद्यावर येते, नमस्कार करते, पुढील कार्यक्रमाचें नांव सांगते आणि अर्ध्या मिनिटांत दिसेनाशी होते. एवढ्यासाठीं काय शिकावें लागतें, असा प्रश्न पुष्कळांच्या मनांत येतो. त्या अर्ध्या मिनिटामागें काय काम असतें, त्यासाठीं कोणतें ज्ञान लागतें, आणि त्या कामावर आज कोणतें संकट आलें आहे, हें थोडक्यांत सांगण्याचा येथें उद्देश आहे.

हा व्यवसाय फार जुना नाहीं. लंडन येथें बी. बी. सी.नें २ नोव्हेंबर १९३६ रोजीं अलेक्झांड्रा पॅलेसमधून टेलिव्हिजनचें नियमित प्रक्षेपण सुरू केलें. लेस्ली मिचेल, जॅस्मिन ब्लाय आणि एलिझाबेथ कॉवेल हे तिघे त्या वेळचे निवेदक होत. महायुद्धामुळें १ सप्टेंबर १९३९ रोजीं तें प्रक्षेपण बंद पडलें. पुढें ७ जून १९४६ रोजीं तें पुनः सुरू झालें, तेव्हां प्रेक्षकांचें स्वागत करावयास जॅस्मिन ब्लाय याच पडद्यावर आल्या. जवळजवळ सात वर्षें बंद असलेलें दार ओळखीच्या माणसानेंच उघडावें, यांत मोठें औचित्य होतें. निवेदक हा प्रक्षेपण-संस्थेचा दारवान आहे. आलेल्याचें स्वागत करणें, आंत काय चाललें आहे तें सांगणें, आणि कांहीं बिघडल्यास क्षमा मागणें, हीं तिन्ही कामें त्याचींच.

आपल्या देशांत १५ सप्टेंबर १९५९ रोजीं दिल्ली येथें प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालें. १९६५ सालीं तेथें रोजच्या कार्यक्रमांस आरंभ झाला, व पांच मिनिटांचें बातमीपत्र प्रतिमा पुरी यांनीं वाचलें. मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. १ एप्रिल १९७६ पर्यंत दूरदर्शन हा आकाशवाणीचाच एक विभाग होता. त्यामुळें निवेदकांच्या पहिल्या पिढीवर आकाशवाणीचा संस्कार होता. चेहरा दिसूं लागला तरी खरें काम आवाजाचें आहे, ही त्या पिढीची धारणा होती. ज्या स्मिता पाटील पुढें चित्रपटांतील श्रेष्ठ अभिनेत्री म्हणून गाजल्या, त्या प्रथम मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देत असत.

आवाजावर चालणाऱ्या या व्यवसायाच्या तीन शाखा आहेत. दोन कार्यक्रमांमधला दुवा जोडतो तो निवेदक. बातम्या देतो तो वृत्तनिवेदक. आणि स्वतः न दिसतां माहितीपट, जाहिरात, व्यंगपट किंवा परभाषेतील चित्रपट यांस आवाज देतो तो ध्वनि-अभिनेता. पुष्कळ वेळां एकच मनुष्य हीं तिन्ही कामें करतो. मुंबई दूरदर्शनवरून दीर्घकाळ मराठी बातम्या देणारे प्रदीप भिडे, जे २०२२ सालीं निवर्तले, यांचा आवाज जाहिरातींत व माहितीपटांतहि तितकाच परिचित होता.

मुंबई केंद्राच्या पहिल्या दोन दशकांतील निवेदिकेची संध्याकाळ कशी जात असे, तें आधीं पाहूं. प्रक्षेपण सुरू होण्याच्या पुष्कळ आधीं ती केंद्रावर येई. तेथें तिच्या हातीं क्यू-शीट पडे. हें त्या संध्याकाळचें पंचांगच म्हणावयाचें. कोणता कार्यक्रम किती वाजून किती मिनिटें व किती सेकंदांनीं सुरू व्हावयाचा, तो चित्रफितीवर आहे कीं प्रत्यक्ष स्टुडिओंतून व्हावयाचा, त्याची लांबी किती, हें सर्व त्यांत लिहिलेलें असे. त्यावरून तिला निवेदनें तयार करावीं लागत. लिहिलेलें वाक्य डोळ्यांस चांगलें दिसतें, पण तोंडांत बसतेंच असें नाहीं. म्हणून तें मोठ्यानें म्हणून पाहावयाचें, जेथें श्वास अडतो तेथें तोडावयाचें, आणि मग पाठ करावयाचें. कॅमेऱ्याच्या भिंगापुढील कांचेंत अक्षरें उमटविणारा टेलिप्रॉम्प्टर पुढें सर्वत्र झाला. तत्पूर्वीं पाठांतर व हातांतील कागद हेच दोन आधार होते.

या कामांतील खरी कसोटी सेकंदांची आहे. समजा, सात वाजतां बातम्या सुरू व्हावयाच्या आहेत. आधींचा कार्यक्रम वीस सेकंद लवकर संपला तर निवेदिकेला वीस सेकंद बोललें पाहिजे. चाळीस सेकंद लवकर संपला तर चाळीस. आणि तो लांबला तर केवळ नमस्कार करून बाजूस व्हावें लागे. स्पष्ट मराठी बोलतांना सेकंदास सुमारे दोन शब्द होतात. म्हणजे एकच निवेदन वीस शब्दांचें, चाळीस शब्दांचें आणि ऐंशी शब्दांचें, असें तीन परींनीं मनांत तयार ठेवणें भाग होतें. १५ ऑगस्ट १९८२ पासून दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम उपग्रहाच्या द्वारें देशभर दिसूं लागला, तेव्हां तर ही शिस्त अधिकच कडक झाली. दिल्लीचें घड्याळ मुंबईच्या वाक्यासाठीं थांबत नसे.

पोषाखाचाहि एक हिशेब असे. बारीक रेघांची किंवा बारीक चौकड्यांची साडी पडद्यावर थरथरल्यासारखी दिसते, आणि पांढरेंशुभ्र वस्त्र इतकें चमकतें कीं चेहरा काळवंडतो. १९८२ पूर्वींच्या काळ्या-पांढऱ्या चित्रांत लाल आणि हिरवा हे रंग पुष्कळदां एकाच करड्या छटेचे दिसत. तेव्हां हिरव्या साडीवरचा लाल कांठ प्रेक्षकांस दिसेलच, असा भरंवसा नसे. पुढें निवेदकाच्या मागें एकरंगी पडदा लावून त्या रंगाच्या जागीं दुसरें चित्र बसविण्याची युक्ति आली. त्या दिवशीं पडद्याच्याच रंगाचा सदरा कोणी घातला, तर हवामानाचा नकाशा त्याच्या छातीवर उमटावयाचा!

स्टुडिओंत लाल दिवा लागला कीं बाहेरचें जग संपतें. समोर कॅमेऱ्याजवळ फ्लोअर मॅनेजर उभा असतो. त्याला बोलतां येत नाहीं. तो बोटांनीं पांच, चार, तीन, दोन, एक असें मोजतो आणि हात खालीं आणतो. निवेदकाच्या कानांत एक लहानसें यंत्र असतें. त्यांतून निर्माता सूचना देत असतो. तोंडानें एक वाक्य, कानांत दुसरें वाक्य, डोळ्यांपुढें तिसरें, आणि चेहऱ्यावर मात्र याचा मागमूसहि नाहीं, ही साधना कांहीं महिन्यांत येत नाहीं. त्यांतच एखादी चित्रफीत तुटली किंवा दुवा निखळला, तर पडद्यावर ‘व्यत्यय’ ही अक्षरें लागत. त्या काळच्या प्रेक्षकांना तो शब्द चांगलाच आठवत असेल. ज्या वेळीं घरोघरीं लोक चहा टाकावयास उठत, त्याच वेळीं निवेदिकेला सज्ज होऊन बसावें लागे; कारण व्यत्यय दहा सेकंदांत संपेल कीं दहा मिनिटांत, हें कोणासहि ठाऊक नसे.

आतां उच्चाराकडे वळूं. कारण मराठी निवेदकाची विद्या ती हीच. आपल्या लिपींत ‘च’, ‘ज’, ‘झ’ या अक्षरांचे दोन दोन उच्चार एकाच चिन्हानें दाखविले जातात. ‘जग’ म्हणजे दुनिया, यांतील ‘ज’ तालव्य. आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, यांतील ‘ज’ दंततालव्य. ‘चार’ या संख्येचा ‘च’ निराळा आणि गुरांच्या ‘चाऱ्या’चा निराळा. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांत एकच शब्द, पण ‘झ’ बदलतो. कागदावर यांतला फरक दिसत नाहीं. तो वाचणाराच्या कानांत असावा लागतो. ‘मन’ आणि ‘मण’, ‘वेल’ आणि ‘वेळ’, हे भेद तर घरींच शिकलेले असले पाहिजेत. ‘संयम’, ‘अंश’, ‘सिंह’ या शब्दांतील अनुस्वार सर्वत्र एकाच प्रकारें उच्चारला जात नाहीं. शाळेंत हें जें शिकविलें जातें, तें परीक्षेनंतर बहुतेक विसरतात. निवेदकाची परीक्षा मात्र रोज होते, आणि परीक्षक लाखों असतात.

वृत्तनिवेदकाच्या बाबतींत उच्चार हा केवळ शोभेचा प्रश्न राहत नाहीं. महाराष्ट्रांत वडगांव आणि पिंपळगांव या नांवांचीं गांवें अनेक आहेत. एखाद्या अपघाताची किंवा पुराची बातमी देतांना तालुक्याचें नांव गळलें, तर भलत्याच गांवच्या लोकांचें मुंबई-पुण्यास असलेलें कुटुंब रात्रभर तळमळत बसतें. मराठी अंकांचेंहि तसेंच आहे. त्रेपन्न आणि त्रेसष्ट, सदुसष्ट आणि सत्त्याहत्तर हे आंकडे घाईंत बोलले तर सारखेच ऐकूं येतात. म्हणून मदतीचा दूरध्वनि-क्रमांक सांगावयाचा असल्यास जाणता निवेदक एकेक अंक सुटा व दोनदां सांगतो. बातमीचा कागद हातीं आला कीं अनुभवी माणूस प्रथम त्यांतील विशेषनामें व आंकडे यांखालीं रेघ ओढतो आणि शंका आल्यास वृत्तविभागास विचारतो. विचारण्यांत कमीपणा नाहीं. अंदाजानें वाचण्यांत मात्र अपराध आहे. मृत्यूची वार्ता सांगतांना रडावयाचें नसतें, पण आधींच्या बातमीचें स्मितहि ओठांवर उरूं द्यावयाचें नसतें. त्या दोन बातम्यांमधील क्षणभराची शांतता हीहि निवेदनाचाच भाग आहे.

दुसरी शाखा ध्वनि-अभिनयाची. तिचें काम दिवसा, एखाद्या लहानशा बंद खोलींत चालतें. खोलीच्या भिंतींस आवाज शोषून घेणारें आवरण असतें. समोर कांच, कानांवर हेडफोन, आणि तोंडापासून वीतभर अंतरावर ध्वनिक्षेपक. त्याच्यापुढें एक बारीक जाळी असते. कारण ‘प’, ‘फ’, ‘भ’ हे वर्ण उच्चारतांना श्वासाचा झोत निघतो व तो ध्वनिक्षेपकावर आदळून फटकारा ऐकूं येतो. येथें बांगड्या काढून ठेवाव्या लागतात. खळीचे कपडे वर्ज्य, कारण ते सळसळतात. कागद उलटावयाचा नसतो. पानें शेजारीं शेजारीं मांडून ठेवावयाचीं. फार उपाशीं राहून जाऊं नये व फार जेवूनहि जाऊं नये. पोटांतील गुरगुर ध्वनिक्षेपक इमानानें टिपतो.

परभाषेतील चित्रपटास मराठी आवाज देणें, म्हणजे डबिंग करणें, हें यांतील सर्वांत कठीण काम. दूरदर्शनवर एका सेकंदांत पंचवीस चित्रें सरकतात. बोलणारे ओठ व ऐकूं येणारा शब्द यांत दोन-तीन चित्रांचें अंतर पडलें, तरी जाणत्या डोळ्यांस तें खुपतें. येथें व्याकरणांतील वर्णांचें वर्गीकरण प्रत्यक्ष उपयोगास येतें. ‘प, फ, ब, भ, म’ हे ओष्ठ्य वर्ण होत. ते ओठ मिटल्याविना उच्चारतां येत नाहींत. हिंदी पात्र पडद्यावर ‘माँ’ अशी हांक मारतें, तेव्हां त्याचे ओठ प्रथम मिटतात. तेथें मराठींत ‘आई’ म्हटलें तर अर्थ बरोबर, पण ओठ खोटे पडतात. मग प्रसंग पाहून ‘माय’ किंवा ‘माउली’ असा शब्द शोधावा लागतो. म्हणजे भाषांतरकार अर्थ सांभाळतो, तर ध्वनि-अभिनेत्यास अर्थ, ओठ, श्वास व भावना हीं चारहि सांभाळावीं लागतात. शिवाय तो बहुधा एकटाच असतो. ज्या पात्राशीं तो भांडतो, त्याचा आवाज दुसऱ्या दिवशीं दुसराच कोणी येऊन देतो.

जपानी बनावटीची ‘जंगल बुक’ ही व्यंगपटमाला १९९३ सालीं दूरदर्शनवर हिंदींत दाखविली गेली. तींतील शेरखान वाघास आपल्या नाना पाटेकरांनीं आवाज दिला होता. मुळांत दुसऱ्याच भाषेसाठीं काढलेलें वाघाचें तोंड, पण त्या आवाजानें तो वाघ एका पिढीच्या स्मरणांत कायम राहिला. याहूनहि मोठें उदाहरण ‘महाभारत’ मालिकेंतील ‘समय’ या पात्राचें. १९८८ ते १९९० या काळांत दाखविल्या गेलेल्या या मालिकेंत काळ हा स्वतः कथा सांगतो. त्यास चेहरा नाहीं, हातपाय नाहींत. आहे तो केवळ हरीश भिमाणी यांचा आवाज. रस्त्यांतून जातांना ज्यास कोणी ओळखणार नाहीं, त्याचें एक वाक्य ऐकतांच देशांतील कोट्यवधि लोक ओळखतात, असें हें विलक्षण काम आहे.

ज्या साधनावर हें सर्व चालतें, तें साधन म्हणजे गळ्यांतील दोन लहानशा पडद्यांसारख्या स्वरतंतु. पुरुषाच्या बोलण्यांत त्या सेकंदास सुमारे सव्वाशे वेळां व स्त्रीच्या बोलण्यांत सुमारे दोनशे वेळां एकमेकींवर आपटतात. म्हणजे एक मिनिट अखंड स्वर लावल्यास बारा हजार आघात होतात. जोरानें ओरडल्यास किंवा चुकीच्या पद्धतीनें बोलल्यास त्यांवर सूज येते, आणि फार दिवस तसेंच चाललें तर लहान गांठी होतात. म्हणून शहाणा ध्वनि-अभिनेता किंचाळ्यांचे व लढाईचे प्रसंग दिवसाच्या शेवटीं ठेवावयास सांगतो. तो दिवसभर थोडें थोडें पाणी पितो, खाकरण्याची संवय मोडतो, आणि आवाज बसला असतां कुजबुजतहि नाहीं. कारण कुजबुजण्यानें स्वरतंतूंस विश्रांति मिळते हा समज चुकीचा आहे. खरी विश्रांति मौनांतच आहे. पैलवानास तालीम चुकवून चालत नाहीं, तसें यास रोजचा स्वराभ्यास व मोठ्यानें वाचन चुकवून चालत नाहीं.

इतकें करून मिळतें काय? फार थोड्यांस कायमची नोकरी मिळाली. पुष्कळ निवेदक व वृत्तनिवेदक नैमित्तिक नेमणुकीवर, म्हणजे जितके दिवस बोलावणें येईल तितक्या दिवसांपुरते, काम करीत आले आहेत. त्यांस सुट्टीचा पगार नाहीं व निवृत्तिवेतन नाहीं. सर्दी झाली कीं त्या दिवसाची मिळकत बुडाली. डबिंग करणाराचें नांव श्रेयनामावलींत पुष्कळदां येतच नाहीं. वाघ प्रसिद्ध होतो, वाघाचा आवाज अज्ञात राहतो. १९९२ च्या सुमारास उपग्रहवाहिन्या वाढल्या, आणि दोन कार्यक्रमांमध्यें प्रत्यक्ष येऊन नमस्कार करणाऱ्या निवेदिकेची जागा हळूहळू आधींच तयार केलेल्या चटपटीत जाहिरातींनीं घेतली. तो नमस्कार गेला, याची खंत जुन्या प्रेक्षकांस अजून वाटते.

आतां याहून मोठा प्रश्न उभा राहिला आहे. एखाद्या मनुष्याच्या बोलण्याचा थोडासा नमुना यंत्रास दिला, तर तें यंत्र त्याच मनुष्याच्या आवाजांत त्यानें कधींहि न उच्चारलेलीं वाक्यें बोलूं शकतें. दहा दिवसांचें काम दहा मिनिटांत होतें, यंत्राचा घसा बसत नाहीं, व त्याला मानधन द्यावें लागत नाहीं; तेव्हां व्यापाऱ्यांस त्याचा मोह पडावा हें स्वाभाविक आहे. जुलै २०२४ मध्यें गायक अरिजित सिंह यांच्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयानें अंतरिम आदेश दिला. मनुष्याचा आवाज हा त्याच्या व्यक्तित्वाचा भाग आहे, त्याच्या संमतीवांचून यंत्राच्या साह्यानें त्याची नक्कल करतां येणार नाहीं, असा त्या आदेशाचा आशय आहे. प्रसिद्ध गायकास न्यायालयाचें दार ठोठावतां येतें. परंतु ज्याचें नांव श्रेयनामावलींतहि आलें नाहीं, अशा सामान्य ध्वनि-अभिनेत्यानें आपला आवाज आपला आहे हें सिद्ध कसें करावयाचें? म्हणून करारपत्रावर सही करतांना, या आवाजाचा उपयोग कोठें, किती वर्षें व कोणत्या कामासाठीं होणार, आणि त्यावरून यंत्रास शिकविलें जाणार कीं नाहीं, हें वाचून पाहणें हा आतां या व्यवसायांतील माणसाच्या दिनक्रमाचाच भाग झाला आहे.

हा प्रश्न केवळ निवेदकांच्या पोटापाण्याचा नाहीं; तो ऐकणारांचाहि आहे. आपल्याकडे कोणी कांहीं बातमी सांगितली कीं वडील माणसें पहिला प्रश्न विचारतात: ‘कोण म्हणालें?’ सांगणारा विश्वासाचा असेल तरच बातमीवर विश्वास ठेवावयाचा, ही जुनी रीत शहाणपणाची आहे. निवेदकाच्या आवाजास जी किंमत आली, ती त्याच्या गोडव्यामुळें आली नाहीं. त्यानें गांवाचें नांव विचारून घेतलें, आंकड्याखालीं रेघ ओढली, चूक झाली तर दुसऱ्या दिवशीं त्याच खुर्चीवर बसून क्षमा मागितली, यामुळें ती आली. यंत्राच्या आवाजांत उच्चार शुद्ध असूं शकेल. पण चुकल्यास उत्तर द्यावयास त्यामागें कोणी उभा नसतो. तेव्हां यापुढें ओळखीचा आवाज कानीं पडला, तरी ‘कोण म्हणालें?’ हा प्रश्न ऐकणारांनीं सोडूं नये; आणि ज्या संस्था आवाजाचा उपयोग करतात त्यांनीं, आवाज माणसाचा असेल तर त्या माणसाचें नांव, व यंत्राचा असेल तर तसें स्पष्टपणें, ऐकणारांस सांगावें. इतकें झालें तरी त्या अर्ध्या मिनिटामागील परिश्रमांचें चीज होईल.